चार ढेकळे आणि एक आकडा

खानदेशात आखाजीचा मान दिवाळीहून फार खाली नाही. पंचांगात तिला अक्षय तृतीया म्हणतात. पण जळगाव-धुळ्याकडच्या सासुरवाशिणीला विचारा, ती आखाजीच म्हणेल, आणि ते म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे माहेरचा झोका आणि खापरावरचे मांडे उभे राहतील. त्या दिवशी नवी घागर भरून पितरांच्या नावाने पुजायची असते. आमच्या घरी ती घागर नुसती जमिनीवर ठेवीत नसत. वडील पहाटे वावरातून मातीची चार ढेकळे आणीत आणि घागर त्या चार ढेकळांवर बसवीत. पावसाळ्याचे महिने चार, म्हणून ढेकळे चार. नवी घागर पाझरते हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी घागर उचलली की कोणते ढेकूळ किती भिजले हे पाहायला घरातली सारी माणसे ओणवी होत. जे ढेकूळ भिजून चिखल झाले त्या महिन्यात पाऊस रग्गड, आणि जे कोरडे राहिले त्या महिन्याची चिंता.

ढेकळांवर माझा विश्वास नाही. वडिलांचाही कितपत होता कोण जाणे, कारण पेरणी ते आभाळाकडे पाहूनच करीत. तरी पुढे पावसाच्या मोजणीचा इतिहास वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट मनात घर करून राहिली. त्या चार ढेकळांना कोणी ‘यंदा एकंदर पाऊस किती?’ असे विचारीतच नव्हते. प्रश्न असे तो ‘कधी?’ हा, आणि ‘कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर गृहीत होते: ‘आपल्या वावरात’, कारण माती तिथली होती. हवामान खात्याचा पहिला अंदाजही हल्ली एप्रिलमध्ये, म्हणजे आखाजीच्या आगेमागेच, प्रसिद्ध होतो. त्यात मुख्य असतो एक आकडा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साऱ्या देशावर मिळून सरासरीच्या किती टक्के पाऊस पडेल, तो आकडा. ढेकळे चार आणि आकडा एक. हा एक आकडा आला कोठून, आणि त्याचे व खानदेशातल्या पावसाचे नाते काय, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी मापाचे साधन पाहू. माझे एक चुलते तालुक्याच्या कचेरीत कारकून होते आणि पर्जन्यमापक वाचण्याचे काम त्यांच्याकडे असे. कचेरीच्या आवारात, झाडांपासून आणि भिंतींपासून दूर, गजांच्या कुंपणात ते यंत्र उभे असे. यंत्र म्हणायचे एवढेच! एक नळकांडे, त्यावर पाच इंच तोंडाचे नरसाळे, आत बाटली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सायमन्स नावाच्या गृहस्थांनी पावसाच्या नोंदी गोळा करण्याचे वेडच घेतले होते. त्यांच्या नावाचे हे माप भारतभर कचेऱ्याकचेऱ्यांतून बसले. सकाळी ठरल्या वेळी बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतायचे, रेघ डोळ्यांसमोर धरून वाचायची आणि वहीत लिहायचे. त्या काळी हिशेब इंच आणि सेंटचा, शंभर सेंटांचा एक इंच. आता मिलिमीटर आले आहेत, आणि अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतात.

चुलते वही मिटून बाहेर आले की ओसरीवर बसलेले कोणीतरी विचारी, “आप्पा, कितला पडना?” आप्पा ऐटीत सांगत, “सव्वा इंच!” आणि एखादा म्हातारा मान हलवून म्हणे, “कचेरीमा पडना, मन्हा वावरमा नही पडना.” आम्ही मुले हसत असू. पुढे कळले की हवामानशास्त्रातला मोठा वाद त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात सांगून टाकला होता. पाच इंच तोंडाचे नरसाळे, आणि त्याने शेकडो चौरस मैलांच्या तालुक्याची साक्ष द्यायची!

ही साक्ष नव्हती तेव्हाची स्थिती मात्र आणखी वाईट होती. खानदेशात १८०३-०४ चा दुष्काळ भयंकर होता असे इतिहास सांगतो. पण त्यातला पावसाचा वाटा किती आणि होळकरांच्या फौजांनी व पेंढाऱ्यांनी केलेल्या लुटीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पुढे १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणे केले आणि महसुलासाठी पिकांची मोजदाद सुरू झाली. शेतसारा घ्यायचा तर पीक किती आले ते पाहावे लागते, आणि सूट द्यायची की नाही हे ठरवायचे तर पाऊस किती पडला तेही. आपल्याकडे पाऊस मोजण्याची शिस्त आली ती विज्ञानाच्या प्रेमाइतकीच वसुलीच्या गरजेपोटी आली, हे मान्य करण्यात संकोच नको.

भारतीय हवामान खाते स्थापन झाले १८७५ साली, आणि लगेच दोन वर्षांत त्याची सत्त्वपरीक्षा झाली. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. देशाचा विचार केला तर १८७७ चा मोसमी पाऊस हा १८७१ पासूनच्या साऱ्या नोंदींत नीचांकी आहे. सरकारने खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना विचारले: असे संकट आधी सांगता येईल का? ब्लॅनफर्ड यांचे लक्ष हिमालयाकडे गेले. वसंतात हिमालयावर बर्फ फार साचले तर वायव्येकडून कोरडे वारे वाहतात आणि पाऊस उणा पडतो, असे त्यांनी १८८४ मध्ये मांडले. आणि १८८६ च्या जूनमध्ये साऱ्या देशासाठी पहिला अधिकृत अंदाज प्रसिद्ध झाला.

त्यांच्यामागून जॉन एलियट आले. एलियट यांचे अंदाज लांबलचक असत, आणि १८९९ साली त्यांच्या अंदाजात येणाऱ्या संकटाची चाहूल नव्हती. तो पावसाळा जवळजवळ कोरडा गेला. विक्रम संवत १९५६ चे ते वर्ष, म्हणून लोकांनी त्याला ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हटले. गुजरात, राजपुताना, वऱ्हाड आणि आपला खानदेश यांनी तो पुरता भोगला. जवळ असोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी त्या वर्षी एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या पिढीतल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांना जुन्या आठवणी सांगताना साल लागत नसे, ‘छप्पनच्या आधी’ आणि ‘छप्पनच्या मागून’ एवढे पुरे होई. चारा नाही म्हणून दावणीची गुरे सोडून दिलेली. खडी फोडण्याच्या कामावर गेलेली कुटुंबे. सातपुड्यातून खाली उतरलेले भिल्ल. देशाच्या एका आकड्यात त्या वर्षी चौथा हिस्सा पाऊस कमी पडला, इतकेच दिसते. चौथा हिस्सा ऐकायला फार वाटत नाही. पण देशाच्या सरासरीत चौथा हिस्सा तूट पडते तेव्हा कुठेतरी पाऊण हिस्सा गेलेला असतो.

एलियट यांच्यानंतर आलेला माणूस मोठा गमतीचा होता. गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचे गणिती, आणि हवामानाचा अभ्यास जवळजवळ शून्य. विद्यार्थिदशेत बूमरँग फेकण्याचा नाद असल्यामुळे मित्र त्यांना ‘बूमरँग वॉकर’ म्हणत. १९०४ मध्ये ते खात्याचे प्रमुख झाले. एवढ्या गुंतागुंतीच्या वातावरणाची समीकरणे सोडवणे तेव्हा कोणालाच शक्य नव्हते, हे त्यांनी ओळखले आणि दुसरा मार्ग धरला: जगभरच्या वेधशाळांचे आकडे मांडायचे आणि कशाचा कशाशी मेळ बसतो ते पाहायचे. हाताशी यंत्रे नव्हती; सिमल्याच्या कचेरीतले हिंदी कारकून बेरजा-गुणाकार करीत. त्या डोंगराएवढ्या आकडेमोडीतून वॉकर यांना १९२० च्या सुमारास एक विलक्षण गोष्ट दिसली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. जणू दोन टोकांचा झोका. त्यांनी त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळचे समुद्राचे पाणी तापते, पेरूचे कोळी ज्याला ‘एल निनो’ म्हणतात, त्याचा आणि या झोक्याचा संबंध पुढे १९६० नंतर स्पष्ट झाला. १८७७, १८९९ आणि १९७२ ही तिन्ही दुष्काळी वर्षे एल निनोची होती.

वॉकर यांचे आणखी एक शहाणपण मला फार मोलाचे वाटते, आणि त्याची वाखाणणी पुरेशी होत नाही. साऱ्या हिंदुस्थानचा पाऊस एकत्र धरून भाकीत करू नये, हे त्यांनी जाणले आणि वायव्य भारत, द्वीपकल्प, ईशान्य असे भाग वेगळे पाडले. म्हणजे त्या म्हाताऱ्याचे ‘मन्हा वावरमा नही पडना’ सिमल्याच्या कचेरीत पोहोचले, असे म्हणायला हरकत नाही. हे खाते १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात, आणि तिथल्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या शेकडो माणसांना सिमल्याचा आणि शिवाजीनगरचा संबंध काय, हा प्रश्न पडत नाही.

पुढची गोष्टही पुण्याचीच आहे. १९६२ मध्ये तेथे उष्णप्रदेशीय हवामानशास्त्राची संस्था निघाली. त्या संस्थेतल्या पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या वह्यांतून देशातली ३०६ ठिकाणे निवडली; सपाटीवरच्या जिल्ह्याला साधारण एक ठिकाण. डोंगराळ मुलूख वगळला, कारण तिथले एक माप पलीकडच्या दरीलाही लागू पडत नाही. प्रत्येक ठिकाणच्या पावसाला त्या जिल्ह्याच्या क्षेत्रफळाइतके वजन दिले आणि १८७१ पासून दर वर्षाचा एक आकडा काढला. त्याची सरासरी निघाली सुमारे ८५२ मिलिमीटर, आणि वर्षावर्षाचा चढउतार दहा टक्क्यांच्या आसपास. ऐकून नवल वाटेल, पण एवढ्या मोठ्या देशाचा मोसमी पाऊस तसा मोठा नेमस्त आहे. हजार ओलांडणारे वर्ष १९६१ चे, आणि सव्वासहाशेच्या आत उतरणारे १८७७ चे. बाकी सारा खेळ या दोन टोकांच्या मधला.

कचेरीतल्या नरसाळ्यातून निघालेला हा एक आकडा जगभर मान्य झाला. भारताच्या मोसमी पावसाचा जोर म्हणजे हा आकडा. पण काही शास्त्रज्ञांना तो पुरेना. त्यांचे म्हणणे असे, की ‘मोसमी’ हे नाव मुळात वाऱ्याचे आहे, पावसाचे नव्हे. अरबी गलबतांना हवा होता तो वारा. मग जोर वाऱ्याचाच का मोजू नये? या वाऱ्याची ओळखही याच काळात पटली. उन्हाळी पावसाच्या दिवसांत फार उंचावर पूर्वेकडून वेगवान वारा वाहतो, हे १९५८ साली पी. कोटेश्वरम् यांनी दाखवले. खालचा नैऋत्येचा वाराही द्वीपकल्पावर दीड किलोमीटर उंचीवर झोताप्रमाणे वाहतो, हे १९६६ मध्ये जोसेफ आणि रामन यांनी सांगितले, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या त्या झोताची वाट १९६९ मध्ये फिंडलेटर यांनी शोधून काढली. खाली पश्चिमेचा वारा, वर पूर्वेचा. या दोहोंतली तफावत जितकी मोठी तितका मोसमी वारा बलवान, अशी वेब्स्टर आणि यांग यांनी १९९२ मध्ये मापाची व्याख्या केली.

ही व्याख्या सुरेख आहे. अडचण एवढीच, की तिने बलवान ठरवलेल्या प्रत्येक वर्षी भारतात पाऊस भरपूर पडतोच असे नाही. ते माप हिंदी महासागरापासून बंगालच्या उपसागरापलीकडेपर्यंतच्या अफाट टापूचे आहे. म्हणून १९९९ मध्ये गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी उत्तर-दक्षिण वाऱ्यांवरून दुसरे माप सुचवले, जे भारतातल्या पावसाशी अधिक जुळते. असो. वाऱ्याची मापे अनेक झाली, आणि सर्व मापांचे एकमत होईल असा दिवस मला तरी जवळ दिसत नाही.

आता नकाशावर खानदेश पाहा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. पश्चिमेचा वारा सह्याद्रीवर चढतो तेव्हाच त्याची बरीचशी ओल झडते. नवापूर-अक्कलकुव्याच्या डोंगराळ बाजूला वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तोच शिंदखेड्याला येईपर्यंत जवळजवळ निम्मा होतो. पुढे जळगाव-रावेरकडे तो पुन्हा थोडा वाढतो. केवळ वाऱ्याचा जोर वाढला म्हणून धुळ्याच्या माळावर पाऊस वाढत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र धो धो कोसळतो. आणि हवामान खात्याच्या वाटणीत खानदेश ‘मध्य महाराष्ट्र’ या विभागात पडतो. त्याच विभागात महाबळेश्वरही आहे! महाबळेश्वर आणि शिंदखेडा यांची सरासरी काढून काय हाती लागावे?

खानदेशाचा खरा पाऊस पुष्कळदा पूर्वेकडून येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, ओरिसा आणि मध्य प्रदेशावरून पश्चिमेला सरकते, आणि त्याच्या वाटेच्या दक्षिणेला पाऊस जास्त पडतो. ती वाट नर्मदेच्या खोऱ्यातून गेली की दक्षिणेला तापीचे खोरे येते, आणि मग पांझरा, गिरणा, वाघूर साऱ्या तट्ट फुगतात. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरेने धुळ्यात केलेला कहर जुन्या गॅझेटियरात नोंदवलेला आहे. याउलट कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की बिहार-आसामात महापूर आणि आपल्याकडे पंधरा-पंधरा दिवस कोरडे ऊन. त्याला शास्त्रात ‘खंड’ म्हणतात. शेतकऱ्यांचाही शब्द तोच. आणि खंड पडतो तेव्हा देशाचा आकडा फारसा हलतोच असे नाही, कारण तिकडची जोड इकडच्या तुटीत मिसळून जाते.

या साऱ्याचा कळस पाहायचा असेल तर १९६८ साल घ्यावे. त्या वर्षी देशाचा मोसमी पाऊस सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी. आकड्यांच्या वहीत ते वर्ष तुटीचे आहे. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तापीला असा पूर आला की सुरत बुडाली. वरच्या खोऱ्यात पडलेले पाणी खाली एकवटले होते. त्या दिवशी सुरतेच्या माळ्यांवर अडकलेल्या माणसांना ‘हे वर्ष तुटीचे आहे बरे!’ असे सांगण्याचे धाडस कोणी केले असते? लगेच दोन वर्षांनी उलटे झाले. १९७० चा पावसाळा देशासाठी भरघोस, आणि महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात संपलेल्या अवर्षणाची सुरुवात मात्र त्याच सुमारास कित्येक भागांत झाली.

अलीकडची उदाहरणेही आहेत. १९९७ मध्ये एल निनो शतकातल्या जबर एल निनोंपैकी होता. सारे श्वास रोखून बसले आणि देशाचा पाऊस सरासरीच्या थोडा वरच पडला. २००२ मध्ये अंदाज बरा होता, आणि जुलै महिना निम्म्यावर आला. २०१८ साली राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत खानदेशातले बरेच होते. २०२३ ची गोष्ट तर घागरीखालच्या ढेकळाची आठवण करून देणारी. त्या वर्षी अधिक महिना श्रावणाचा, म्हणजे श्रावण दोन. आणि दोन श्रावणांच्या सांध्यावर आलेला ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या सगळ्या ऑगस्टांत कोरडा निघाला. चारही महिन्यांचा आकडा मात्र ९४ टक्के! ऐन बोंडावर येणाऱ्या कपाशीला आणि निसवणाऱ्या ज्वारीला तो आकडा कसा समजावून सांगायचा?

आकड्याची टवाळी करण्याचा हेतू नाही. धान्याची कोठारे, विजेचा हिशेब, देशाची आयात यांसाठी देशाचा एक आकडा लागतोच. पण जिल्ह्याच्या कागदावर गेले की शब्दांचे अर्थ सैल होतात. देशासाठी ‘सामान्य’ म्हणजे सरासरीच्या चार टक्के इकडेतिकडे. जिल्ह्यासाठी मात्र एकोणीस टक्के उणे असले तरी ‘सामान्य’च. गावचा दुष्काळ ठरवायला पूर्वी आणेवारी होती, आता पैसेवारी आहे. पन्नास पैशांच्या खाली आली की सवलतींचे दार उघडते. केळीच्या बागांचा विमाही आता हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो, आणि महसूल मंडळातले स्वयंचलित केंद्र कोणत्या गावाच्या शिवारात उभे आहे यावरून चावडीवर वाद झडतात. यंत्र बदलले, म्हाताऱ्याचे वाक्य तेच.

पाण्याचा हिशेब गावाच्या पातळीवर मांडण्याची एक रीत खानदेशात फार जुनी आहे. पांझरेवर आणि मोसम-आरमवर शेकडो वर्षांपूर्वीचे बंधारे आहेत. त्यांच्याखालची जमीन ‘फडां’त वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि पाण्याची पाळी पाटकऱ्याच्या हाती. नदीत पाणी किती राहिले ते पाहून त्या साली किती फड भिजवायचे हे शेतकरी मिळून ठरवीत. पाणी कमी तर फड कमी, आणि ज्याच्या वाट्याला यंदा कोरडा फड आला त्याला पुढच्या खेपेस ओला. त्या मंडळींनी टक्केवारी कधी काढली नाही. बंधाऱ्याच्या दगडावर पाणी कुठवर आले ते पाहिले.

गेल्या आखाजीला आमच्या घरी घागर भरली ती माझ्या नातीने. ती पुण्यास शिकते. मोबाइलवर अंदाज वाचते. ढेकळे कशाला, असे ती विचारील म्हणून मी उत्तराची तयारी करून बसलो होतो. तिने विचारले भलतेच: “आजोबा, ही चारही ढेकळे एकाच वावरातली ना? मग नदीकाठच्या वावराचे कसे कळणार?” मग ती स्वतःच उठली, चपला घातल्या, आणि नदीकाठच्या वावरातून आणखी चार ढेकळे घेऊन आली. घरात दुसरी नवी घागर नव्हती. ती आणायला थोरली सून कुंभारवाड्यात गेली.